वरणाचं पाणी अन् आमची साडेसात महिन्यांची पोट्टी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत बाळाच्या वरच्या जेवणावर अख्खं पान होतं. फोटो झकास, चांदीची वाटी, गुबगुबीत पोरगं, सगळं छान. पण त्यात लिहिलंय की सहा महिने झाले की वरणाचं पाणी अन् पेजेनं सुरुवात करा, पहिला महिनाभर तेवढंच पुरे, आणि बाजूच्या कॉलमात नाचणीच्या खिरीत चवीपुरता गूळ नाहीतर मध घाला. अन् पानभर जिथे बघावं तिथे "आयांनो हे करा, आयांनो ते करा". या तिन्हीवर मला बोलायचं आहे, त्यातही वरणाच्या पाण्यावर जास्त, कारण ते पाणी आम्ही दीड महिना पाजून बसलो आहोत.

मी पोस्टातून रिटायर झालेला माणूस, मानेवाड्याला राहतो. नात ऑक्टोबरात झाली, आता नऊ महिने होऊन गेले. मुलगा बुटीबोरीला एमआयडीसीत शिफ्टवर, सून मिहानमधे, छत्रपती चौकातून मेट्रोनं खापरी अन् तिथून कंपनीची बस. म्हणजे सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सातपर्यंत पोट्टी आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या ताब्यात.

तर आधी ते 'आयांनो'. २०१७ ला कायद्यात दुरुस्ती झाली अन् पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. आणि डॉक्टर काय सांगतात, पहिले १८० दिवस फक्त आईचं दूध, त्यानंतर वरचं अन्न सुरू. हिशोब लावा तुम्हीच. ज्या आठवड्यात बाळाच्या तोंडात पहिला घास जातो त्याच आठवड्यात आई ऑफिसात हजर होते. हे पण फक्त कागदावर बरं का, कारण रजा डिलिव्हरीच्या आठ आठवडे आधीपासून घेता येते अन् आमच्या सुनेला पायावर सूज होती म्हणून तिला पाच आठवडे आधीच घ्यावी लागली, त्यामुळे पोट्टी पाच महिन्यांची पूर्ण होण्याआधीच ती कामावर. मग पहिला घास भरवणारा हात कुणाचा? आजीचा, आबाजींचा, सांभाळणाऱ्या ताईचा, पाळणाघरातल्या मावशीचा. तुम्ही लिहिता आईसाठी, आई ते मेट्रोत उभ्या उभ्या मोबाईलवर वाचते, अन् इकडे घरी गाळणी आमच्या हातात असते.

सुनेनं तिच्या परीनं सगळं लावून दिलं होतं. पंपानं दूध काढून फ्रीजमधे ठेवायची, डब्यावर तारीख-वेळ लिहिलेली चिकटपट्टी, बाटली अजिबात नाही, वाटी-चमच्यानं पाजा म्हणून मला समोर बसवून शिकवलं. पहिल्या दिवशी निम्मं दूध माझ्या लुंगीवर. पण जमलं नंतर.

मार्च लागला अन् घरात दोन भांडणं सुरू झाली. एक पाण्यावरून. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, कूलर लावला तरी घसा कोरडा पडतो, अन् सौ. म्हणायची लेकराला घोटभर पाणी नाही द्यायचं म्हणजे काय, माणसं आहात का कोण आहात. सून म्हणे आईच्या दुधातच पाणी असतं, सहा महिन्यांपर्यंत वेगळं लागत नाही, दूध जास्त वेळा पाजा. सून बरोबर होती. दुसरं भांडण उष्टावणाचं. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात अशी आपली रीत, अन् सौ.ची इच्छा पाचव्या महिन्यात उरकून घ्यायची, सून म्हणे सातव्यात. यात गंमत अशी की सातवा महिना लागला म्हणजे सहा पूर्ण झाले, म्हणजे रीतही पाळली जाते अन् डॉक्टरही खूश. मुलीचं पाचव्यात करायची घाई मात्र खरंच चुकीची आहे, मुलाला सहा महिने आईचं दूध अन् मुलीला साडेचारच, हे कोणत्या शास्त्रात बसतं देव जाणे. शेवटी एप्रिलच्या मध्यावर मामानं येऊन चांदीच्या वाटीतून खीर चाटवली, पोट्टीनं तोंड वाकडं केलं, फोटो निघाले.

दुसऱ्या दिवसापासून आमचं वरणाचं पाणी.

सौ.ची पद्धत अशी, कुकरला मुगाचं वरण लावायचं, ते घोटायचं नाही, तसंच दहा मिनिटं थांबू द्यायचं, डाळ खाली बसली की वरची निवळ चमच्यानं अलगद काढायची अन् चहाच्या नव्या गाळणीनं गाळायची. पिवळसर, पारदर्शक, वर तुपाचा एक थेंब. तिनं स्वतःच्या दोन्ही पोरांना हेच दिलं, तिच्या आईनं तिला हेच दिलं. दुपारी एक वाटी, संध्याकाळी पाचला एक वाटी, आणि पोट्टी गटागट प्यायची, आम्हाला वाटायचं काय छान खाऊन राहिली. पितेच आहे ती, खात नाही, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मे महिन्याच्या शेवटी तिला सर्दी झाली म्हणून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाईंनी काट्यावर ठेवलं, कार्ड उघडलं अन् गप्प झाल्या. सहा महिन्यांची होती तेव्हा ६ किलो ९००. साडेसात महिन्यांना ७ किलो. दीड महिन्यात शंभर ग्रॅम. मी आयुष्यभर पोस्टात पार्सलं मोजली, शंभर ग्रॅम म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायची गरज नाही, एक जाड पाकीट. मी म्हटलं मॅडम उन्हाळा आहे, भूक मरते पोरांची. त्या म्हणाल्या, "काका, खायला काय देता?" सौ.नं अभिमानानं सांगितलं, वरणाचं पाणी, दोन वेळा, वाटी भरून. बाई म्हणाल्या, "अन् बाकी?" बाकी काही नाही. "दूध किती पिते?" दूध थोडं कमी झालंय, पोट भरतं ना तिचं.

"तेच तर झालंय," म्हणाल्या.

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. बाळाच्या पोटात एका वेळी साधारण किलोमागे ३० ग्रॅम मावतं, सात किलोचं लेकरू म्हणजे दोनशे-सव्वादोनशे मिली, बस. आईच्या दुधात १०० मिलीला ६५-७० कॅलरी असतात. आम्ही काय करून राहिलो होतो तर त्या दोनशे मिलीच्या जागेत आधी पाणी भरत होतो, मग दूध कमी जात होतं. म्हणजे काहीच दिलं नसतं तरी एका अर्थानं बरं झालं असतं. सौ. परत येताना ऑटोत एक शब्द बोलली नाही.

मला मात्र चैन पडेना. सुनेनं केक करायला म्हणून एक छोटा डिजिटल काटा आणून ठेवलाय, ग्रॅममधे मोजणारा. दुसऱ्या दिवशी सौ.ला म्हटलं नेहमीसारखं पाणी काढ, तूप नको घालू. एक वाटी, १५० मिली मोजून घेतलं, पसरट पॅनमधे ओतलं अन् मंद गॅसवर आटवत बसलो. अर्धा तास लागला असेल. सगळं पाणी उडालं अन् तळाला काय उरलं म्हणाल तर एक पिवळा पापुद्रा, पापडाच्या काठासारखा. उलथन्यानं खरवडून काट्यावर टाकला. ३ ग्रॅम. दहा-बारा कॅलरी धरा फार तर. दोन वाट्यांच्या वीस-चोवीस. अन् सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून रोज अंदाजे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांना ३००, वर्षानंतर ५५०. डाळीतलं सत्त्व पाण्यात उतरतं असं आपण म्हणतो ना, नाही उतरत बावा, ते खाली कुकरच्या डब्यात बसून राहतं अन् त्याला फोडणी देऊन आम्ही दोघं जेवत होतो.

मी हे सौ.ला दाखवलं तर ती आधी चिडली, मग म्हणाली, "अहो, पण मग आपली पोरं कशी वाढली?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण रात्री तीच आठवून म्हणाली की आपल्या वेळी ती दिवसभर घरी होती, दूध दिवसरात्र चालू होतं, अन् वरणाचं पाणी चार दिवस चाललं की तिची सासू भाकर कुस्करून द्यायलाच लागायची.

डॉक्टर बाईंनी एक साधी परीक्षा सांगितली ती तुम्ही छापाच. चमच्यात घास घ्या, चमचा तिरपा करा. लगेच ओघळला तर पातळ आहे, चमच्यावर बसून राहिला अन् हळूच घसरला तर बरोबर. मऊ हवं, गुठळी नको, पण घट्ट हवं. पहिल्या दिवसापासून. पहिले काही दिवस दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन वेळा, मग वाढवत वाढवत आठव्या महिन्यापर्यंत अर्धा कप, तीन वेळा. जीभ घास बाहेर ढकलते ते आवडलं नाही म्हणून नाही, इतके दिवस जीभ दूधच ओढत होती, तिला मागे ढकलायची सवय नाही, पुन्हा पुन्हा द्यायचं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी पहिल्याच आठवड्यात घट्ट खिचडीचा नाद सोडला नसता, हो, दोन दिवस सुनेनं करून ठेवली होती अन् पोट्टीनं थुंकली म्हणून मीच म्हटलं जाऊ दे, पाणीच दे.

आता आमच्याकडे जे चालतं ते सांगतो. दोन भाग तांदूळ, एक भाग मुगाची डाळ, चिन्नोर मिळाला तर उत्तम कारण तो मऊ शिजतो, नसला तर घरात असेल तो. तांदळात जे कमी असतं ते डाळीत असतं अन् डाळीत कमी ते तांदळात, म्हणून दोन्ही मिळून द्यायचं. एका वेळेला कोरडं २५ ग्रॅम घेतो, काट्यावर मोजून, सौ. हसते मला. अर्धा तास भिजवायचं, त्यात कोहळ्याची एक फोड (पुण्याकडचे वाचक असतील तर लाल भोपळा), कधी लौकी, कधी गाजर, कधी पालकाची चार पानं, चिमूटभर हळद, कुकरच्या पाच शिट्ट्या. मग वाटीत काढून चमच्याच्या पाठीनं कुस्करायचं अन् वर एक चमचा साजूक तूप. २५ ग्रॅम धान्याच्या ८५-९० कॅलरी, तुपाच्या ४५. वाटी तीच, पोट तेवढंच, अन् फरक बघा. मीठ नाही. यावर पण घरात रामायण झालं, अळणी कसं खाईल लेकरू, पण तिनं अजून खारट चाखलंच नाही तर तिला अळणी काय ठाऊक? पहिलं वर्षभर मीठ-साखर दोन्ही नको असं डॉक्टर सांगतात अन् गूळ म्हणजे पण साखरच.

मधाचं मात्र कडक सांगतो कारण तुमच्या पानावर छापून आलंय. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, बोटभर पण नाही, शिजवलेल्या खिरीत पण नाही. मधात बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्या माणसाचं आतडं ते सांभाळून घेतं, तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष सोडतात अन् त्यानं अंगातली ताकदच जाते, चोखता येत नाही, मान धरत नाही. आपल्याकडे जन्मल्या जन्मल्या मध चाटवतात, घुटीत मध घालतात, म्हणूनच म्हणतो ही चूक पुढच्या रविवारी दुरुस्त करा, कोपऱ्यात बारीक अक्षरात नको.

मिक्सरबद्दल एक गोष्ट. वजन सुधरावं म्हणून जूनमधे मी सगळंच मिक्सरमधून काढायला लागलो, एकदम रेशमासारखं, पोट्टी पण सरसर खायची. आठ महिने झाले अन् डॉक्टर बाई परत रागावल्या. म्हणाल्या आता दाणा लागू द्या जिभेला, नऊ-दहा महिन्यांपर्यंत थोडं भरड खायची सवय लागली नाही तर पुढे जन्मभर नखरे. मग कुस्करून द्यायला लागलो तर पहिल्या दिवशी तिला ओकारी आल्यासारखं झालं, माझं काळीज हाललं, पण ते गुदमरणं नसतं, आवाज करते, खोकते, तोंड लाल होतं अन् परत चावायला लागते. गुदमरलं तर आवाज येत नाही, हा फरक घरातल्या प्रत्येकानं शिकून घ्यावा. अख्खा शेंगदाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष, असलं काही हाताला लागू देऊ नका. शेंगदाण्याचं बारीक कूट खिचडीत चालतं, आम्ही घालतो.

आता लोह. हे मला नव्यानं कळलं. बाळ जन्माला येताना लोहाचा साठा घेऊन येतं तो सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो अन् आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. म्हणजे नेमकं याच महिन्यांत वरच्या अन्नातून ते यायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, सहा महिने ते पाच वर्षांची ६७.१ टक्के मुलं अॅनिमिक निघाली देशात. अन् दुसरा आकडा तर त्याहून वाईट, सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसं अन् वेगवेगळं खायला मिळतं फक्त ११.३ टक्क्यांना. शंभरात अकरा. मला वाटायचं हे मेळघाटातले आकडे, आपल्या घरात तुपाची बरणी भरलेली, इतवारीतून वर्षाची डाळ भरलेली, आपण त्या अकरात. कसलं काय, दीड महिना आमची पोट्टी त्या एकोणनव्वदात होती.

आणि एक कबुली देतो, सुनेनं वाचली तरी चालेल. मी दुपारी चहा पिताना पोट्टी माझ्या कपाकडे टक लावून बघते, मग मी बिस्किट चहात बुडवून तिच्या तोंडात लावायचो. रोज. सुनेला एक दिवस लाळेऱ्यावर तपकिरी डाग दिसला अन् मी म्हटलं वरण सांडलं. चहामुळे अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही, हे नंतर आशाताईंनी सांगितलं तेव्हा मला शरम वाटली. त्याउलट आंबट फळातलं क जीवनसत्त्व लोह अंगी लावून घेतं, म्हणून आता खिचडीवर लिंबाचे दोन थेंब पिळतो. संत्र्याचा सीझन आला की पाकळी सोलून, बी काढून, नुसता गर देणार आहोत, रस नाही, वर्षाच्या आत रस नको म्हणतात. नागपुरात राहून लेकराला संत्रं नाही तर काय द्यायचं! आशाताईंनी लोहाच्या औषधाची बाटली पण दिली, आठवड्यातून दोनदा एक मिली, हे सरकारतर्फे फुकट आहे अन् आमच्या कॉलनीत निम्म्या लोकांना माहीतच नाही, "ते अंगणवाडीवाल्यांसाठी असतं" म्हणतात. अंगणवाडी सगळ्यांचीच आहे.

तिथल्या सेविका ताईंनीच मला ती मोडाच्या पिठाची युक्ती सांगितली, अन् पोस्टातल्या माणसाला ही जादूच वाटली. अडचण अशी होती की नाचणीचं पीठ घट्ट शिजवलं की त्याचा गोळा होतो, पोट्टी गिळत नाही, अन् पातळ करायला पाणी घातलं की परत तेच वरणाच्या पाण्याचं नशीब. त्या म्हणाल्या गहू भिजवा, मोड आणा, सावलीत खडखडीत वाळवा, हलकं गरम करून दळा, खरपूस भाजू नका. एका डबीत ठेवा. मी केलं. घट्ट लापशी शिजवली, चमचा उभा राहील अशी, बोट सोसेल इतकी निवू दिली अन् त्यात अर्धा छोटा चमचा ते पीठ टाकून ढवळत बसलो. दोन-तीन मिनिटांत, पाण्याचा एक थेंब न घालता, ती लापशी सैल होत होत कढीसारखी झाली. मी सौ.ला हाका मारून बोलावलं. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं एंझाइम तयार होतं, आपल्या थुंकीत असतं तेच, ते पिठातला स्टार्च तोडतं म्हणून घट्टपणा जातो पण ऐवज तेवढाच राहतो. खरपूस भाजलं की ते मरतं, म्हणून भाजू नका. मग परत एक उकळी द्यायची कारण ते पीठ कच्चं असतं. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर रीतसर काम झालंय म्हणे, अन् आपल्या आज्या नाचणीला मोड आणून सत्त्व करायच्या ते याहून जुनं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं ते वेगळंच.

फक्त ज्वारीला मोड आणू नका. आपल्याकडे ज्वारी जास्त, कुणाला वाटेल तिचंच करू, पण ज्वारीच्या कोवळ्या कोंभात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, शेतकऱ्याला विचारा, कोवळी ज्वारी खाऊन बैल कसा आडवा होतो. ज्वारीचं साधं पीठ, लाह्यांचं पीठ, मऊ शिजवलेल्या कण्या, सगळं चालतं, मोड तेवढे नकोत.

डब्यातल्या रेडिमेड पावडरीबद्दल लोक मला विचारतात. ती वाईटच असं मी म्हणणार नाही, तिच्यात लोह घातलेलं असतं, प्रवासात सोयीची. पण डब्याची मागची बाजू वाचा, साखर किती लिहिली आहे ते. २०२४ च्या एप्रिलमधे स्वित्झर्लंडच्या पब्लिक आय नावाच्या संस्थेनं दाखवून दिलं की एका मोठ्या ब्रँडचं बाळाचं सीरियल भारतात साखर घालून अन् तिकडे युरोपात बिनसाखरेचं विकलं जात होतं. अन् संपादक साहेब, १९९२ चा बालआहाराचा कायदा, २००३ ला तो आणखी कडक झाला, दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरातच करू देत नाही. असा कायदा असताना लोकांना घरच्या खिचडीचं नीट सांगायचं काम तुमचंच उरतं ना, म्हणून एवढं लिहून राहिलो.

उन्हाळ्याचं एक राहिलं. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये म्हणतात, आपल्या मे महिन्यात एक तास पण खूप झाला, त्यात लाईट गेली की फ्रीजचा भरवसा नाही. सकाळी सून जाताना खिचडी करून ठेवायची अन् दुपारी एक वाजता ती आम्ही गरम करून द्यायचो, जुलाब झाले तेव्हा डोळे उघडले. आता भिजत घालायचं काम सुनेचं, शिजवायचं माझं, अन् वाटीत उरलेलं उष्टं मी खातो, अळणीची सवय झाली, बीपीला बरंच आहे.

परवा काटा झाला. ८ किलो १००. सौ.नं डॉक्टर बाईंना स्वतः होऊन सांगितलं की मॅडम, घट्ट देते आता, चमचा वाकडा करून बघते.

माझं मागणं एवढंच की ते पान पुन्हा छापा. मधाची दुरुस्ती करा, वरणाच्या पाण्याची करा, अन् 'आयांनो' काढून तिथे 'आजी-आबाजींनो' घाला. आणि अक्षर जरा मोठं ठेवा, वाचणारे सगळे चष्मेवाले आहेत.

आपला,
एक आबाजी
मानेवाडा, नागपूर